कंबरदुखीचा माग घोट्यापर्यंत: तपासण्या, प्रतीक्षा आणि व्यायामाचे एक वर्ष

उजवी कंबर, उजवा खुबा आणि उजव्या गुडघ्याची आतली बाजू अशी तीन ठिकाणे दुखत असताना त्या तिन्ही दुखण्यांचा बराचसा भाग घोट्याशी जोडलेला असू शकतो, हे मला गेल्या वर्षभरात टप्प्याटप्प्याने कळत गेले. उपचार आता जवळजवळ पूर्ण झाले आहेत, म्हणून कोणत्या क्रमाने काय झाले, कुठे थांबावे लागले, कोणता खर्च उपयोगी पडला आणि कोणता केला नाही तरी चालले, हे सविस्तर लिहून ठेवत आहे. मी डॉक्टर नाही. मी शिक्षिका आहे आणि माझा दिवसाचा मोठा भाग उभ्याने जातो. पुढे येणारा वैद्यकीय तपशील मी तपासण्यांच्या वेळी प्रश्न विचारून आणि नंतर वाचून समजून घेतलेला आहे. प्रत्येक कंबरदुखीचे मूळ पायात असते असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु कंबर किंवा गुडघा दुखत असेल तर पाऊल आणि घोटा यांचीही नीट तपासणी व्हायला हवी, हे मात्र मी आता आग्रहाने सांगते.

दुखणे ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. सकाळी उठल्यावर त्रास नसे. दुपारनंतर कंबरेची उजवी बाजू भरून येई, संध्याकाळी जिना उतरताना गुडघ्यात आतल्या बाजूने कळ येई आणि रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नसे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत बरेच प्रश्न विचारले. ताप येतो का, वजन कमी झाले आहे का, रात्री झोपेतून जाग येण्याइतके दुखते का, लघवी-शौचावर ताबा आहे ना, बैठकीच्या जागी बधिरपणा वाटतो का, पाऊल वर उचलताना ताकद कमी वाटते का, असे ते प्रश्न होते. ते इथे मुद्दाम नोंदवत आहे. लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बैठकीच्या जागी संवेदना कमी होणे, पाऊल लुळे पडणे यांपैकी काहीही होत असेल तर पाय, बूट, व्यायाम हे सगळे विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. माझ्याकडे यातले काही नव्हते. काही दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या, शेक आणि हलके चालणे एवढे उपचार मिळाले, आणि उपयोग न झाल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवण्यासाठी चिठ्ठी मिळाली.

त्या चिठ्ठीवरून वेळ मिळायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. तिथे गुडघ्याचा एक्स-रे आणि कंबरेचा एमआरआय झाला. गुडघ्याचा एक्स-रे वयाच्या मानाने चांगला होता. एमआरआयच्या अहवालात मात्र शेवटच्या दोन मणक्यांमधली चकती किंचित फुगल्याचा उल्लेख होता, आणि तो कागद हातात आल्यावर मी फार घाबरले. पुढचे कित्येक दिवस वाकताना, पिशवी उचलताना, अगदी शिंकताना सुद्धा मणक्याला काही होईल की काय, अशी भीती वाटत असे. नंतर समजलेली एक गोष्ट तेव्हाच कोणी सांगितली असती तर ते दिवस सुसह्य झाले असते. पाठदुखी अजिबात नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता; त्यानुसार चाळिशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांपैकी सुमारे निम्म्या जणांच्या चकत्या अशाच फुगलेल्या दिसतात. त्यामुळे अहवालात चकतीचा उल्लेख असला तरी दुखण्याचे कारण तेच आहे, असे तेवढ्यावरून म्हणता येत नाही. डॉक्टरांनी तपासताना पाय सरळ उचलून पाहिला होता, गुडघ्याजवळ आणि टाचेमागे हातोडीने हलके ठोकून येणारे झटके पाहिले होते, पायाच्या अंगठ्याची ताकद पाहिली होती. सगळे व्यवस्थित होते. म्हणजे मज्जातंतू दाबला गेल्याचे लक्षण नव्हते.

डिसेंबरभर पाठीचे व्यायाम केले. त्यांनी आराम पडे, पण सलग दोन-तीन तास उभे राहिले की दुखणे पुन्हा होते तसेच. जानेवारीच्या मध्याला फिजिओथेरपी विभागात बदलून आलेल्या एका ज्येष्ठ थेरपिस्टनी माझी फाइल चाळली आणि म्हणाल्या, “मॅडम, पाठीकडे मग वळू. आधी बूट-मोजे काढून जरा चालून दाखवता का?” त्यानंतरचा पाऊण तास या संपूर्ण वर्षातला सर्वांत उपयोगी वेळ ठरला. त्या तपासणीला कोणतेही यंत्र लागले नाही, म्हणून ती थोडी तपशिलात सांगते.

प्रथम त्यांनी माझे रोजचे बूट उलटे करून पाहिले. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या कडेला झिजलेली होती, तशी ती बहुतेकांची झिजते. उजव्या बुटाची आतली कड दबलेली होती आणि मागचा उभा भाग आतल्या बाजूला कललेला होता. मग मला पाठमोरे उभे केले. मागून पाहताना डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट एवढीच दिसत होती. उजव्या पायाची मात्र तीन बोटे टाचेच्या बाहेर डोकावत होती. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून दाखवला तेव्हा माझ्याच दोन पायांतला फरक मला प्रथमच दिसला. उजवी टाच बाहेर कललेली, कमान खाली बसलेली आणि घोट्याच्या आतल्या हाडामागची खोबण सुजेने भरलेली होती.

पुढची परीक्षा एका पायावर चवडा टेकून टाच उचलण्याची होती. डाव्या पायावर ती सहज जमली. टाच वर जाताना आतल्या बाजूला वळत होती, आणि तशी ती वळायला हवी. उजव्या पायावर टाच थोडी उचलली जाई, पण आत वळत नसे आणि काही वेळातच पाय थरथरू लागे. त्यानंतर भिंतीसमोरची चाचणी झाली. टाच जमिनीला टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा, पाऊल जितके मागे नेता येईल तितके न्यायचे आणि शेवटी अंगठ्याचे टोक व भिंत यांतले अंतर मोजायचे. डावीकडे ते ११ सेंटिमीटर भरले आणि उजवीकडे साडेपाच. एका सेंटिमीटरचा फरक म्हणजे घोट्याच्या वाकण्यात सुमारे साडेतीन अंशांचा फरक, असा ढोबळ हिशोब त्यांनी सांगितला. म्हणजे माझा उजवा घोटा डाव्यापेक्षा जवळजवळ वीस अंश कमी वाकत होता.

“हा पाय पूर्वी कधी मुरगळला होता का?” या प्रश्नावर मला तीन-चार वर्षांपूर्वीचा प्रसंग सांगावा लागला. जिन्यावर उजवा घोटा जोरात मुरगळला होता. तेव्हा एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघाले, क्रेप बँडेज आणि विश्रांती सांगितली गेली, सूज उतरली आणि उपचार तिथेच थांबले. सूज उतरल्यानंतर घोट्याची हालचाल, ताकद आणि तोल हे तिन्ही परत मिळवण्यासाठी व्यायाम लागतात, ही गोष्ट त्या वेळी पुढे आलीच नाही. मुरगळलेल्या घोट्यांपैकी बऱ्याच घोट्यांमध्ये पुढे वारंवार मुरगळण्याची, अस्थिर वाटण्याची किंवा आखडण्याची तक्रार राहते. ज्यांचा घोटा नुकताच मुरगळला आहे त्यांनी हा मुद्दा मनावर घ्यावा, असे मला फार वाटते. चालता येऊ लागले म्हणजे पाय पूर्ववत झाला असे नसते.

घोट्यातले दुखणे कंबरेपर्यंत कसे पोहोचते, हा माझा पुढचा प्रश्न होता, कारण घोटा स्वतः फारसा दुखतच नव्हता. थेरपिस्टनी सांगाड्याचा नमुना हातात घेऊन ते दाखवले. एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. चालताना एका पायाच्या पूर्ण चक्रातला साधारण ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो, आणि त्या वेळात नडगी पावलावरून पुढे झुकावी लागते. त्यासाठी घोटा सुमारे १० अंश वाकायला लागतो. तो तेवढा वाकला नाही, तरी शरीर पुढे जायचे थांबत नाही. ते दुसरी वाट काढते. कोणाची टाच वेळेआधी उचलली जाते, कोणाचा गुडघा मागे ताणला जातो, कोणाचे पाऊल बाहेर वळते, तर कोणाचे पाऊल आतल्या बाजूला कोसळून हवी ती हालचाल मधल्या सांध्यांतून मिळवते. माझ्या बाबतीत शेवटच्या दोन्ही गोष्टी होत होत्या.

घोट्याच्या लगेच खाली, टाचेच्या हाडाच्या वर जो सांधा असतो तो तिरक्या बसवलेल्या बिजागरीसारखा असतो. त्यामुळे पाऊल आत कलले की त्याच्या वरची नडगीही आतल्या बाजूला फिरते. नडगीपाठोपाठ गुडघा आत झुकतो, मांडीचे हाड आत वळते आणि खुब्याच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंना कटिभाग समतल ठेवण्यासाठी जास्त ओढ सोसावी लागते. एका पावलात हे क्षुल्लक असते. परंतु दिवसभरात हजारो पावले पडतात आणि माझ्या कामात मधे-मधे तासन्‌तास उभे राहणे असते. शिवाय घोटा मुरगळल्यावर बदल केवळ घोट्यात होत नाहीत. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, घोटा जोरात मुरगळलेल्या व्यक्तींमध्ये नितंबाचा मोठा स्नायू उशिरा कामाला लागत असल्याचे आढळले होते. माझ्याही उजव्या नितंबाची ताकद डावीपेक्षा स्पष्ट कमी भरली.

सपाट पाय म्हणजे कंबरदुखी, असे सरळ समीकरण मांडणाऱ्या जाहिराती सर्वत्र दिसतात, म्हणून इथे एक खुलासा करायला हवा. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावातल्या रहिवाशांवर दीर्घकाळ चाललेल्या आरोग्य-अभ्यासाच्या पावलांविषयीच्या भागातून २०१३ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यांत नुसत्या उभ्या पावलाच्या आकाराचा कंबरदुखीशी संबंध दिसला नाही. चालताना पाऊल आत कलण्याचा संबंध मात्र स्त्रियांमध्ये दिसला. असा संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असेही नाही. जन्मापासून सपाट पाय असलेले असंख्य लोक आयुष्यभर कसल्याही तक्रारीविना चालतात. माझ्या बाबतीत महत्त्वाचे हे होते की एकच पाय बदलला होता, तो मध्यम वयात बदलला होता आणि त्याच बाजूला वरची दुखणी सुरू झाली होती. मध्यम वयात एकाच पायाची कमान उतरू लागली आणि घोट्याच्या आतल्या बाजूला सूज असेल, तर ते दाखवून घ्यायलाच हवे.

थेरपिस्टनी लगेच व्यायाम सुरू केले नाहीत. टाच किंवा घोटा आणि कंबर हे एकत्र दुखत असतील तर संधिवाताचा एक प्रकार वगळावा लागतो, असे त्यांनी सांगितले. त्यात कंबर विश्रांतीने बरी न होता उलट सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेली राहते, हालचालीने मोकळी होते आणि टाचेला जिथे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) चिकटतो तिथे दाह होतो; बहुधा तो तरुण वयात सुरू होतो. माझे लक्षण नेमके उलटे होते, तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने शरीरातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर व सीआरपी आणि या संधिवाताशी जोडलेली जनुकीय खूण पाहणारी एचएलए-बी२७ या रक्ततपासण्या झाल्या. जोडीने साखर आणि युरिक अ‍ॅसिडही पाहिले. शेवटची तपासणी होऊन सगळे अहवाल हाती यायला फेब्रुवारीचा पहिला आठवडा लागला आणि ते सामान्य आले. दहा ग्रॅम दाबाच्या बारीक नायलॉनच्या धाग्याने तळव्याची संवेदनाही तपासली गेली. मधुमेह असलेल्यांनी तर पायाचे कोणतेही उपचार किंवा नवे इनसोल (बुटात घालायच्या आधाराच्या गाद्या) सुरू करण्यापूर्वी ही तपासणी करूनच घ्यावी, कारण संवेदना कमी असेल तर फोड किंवा जखम झालेली कळत नाही.

पाऊल आणि घोटा यांच्या तज्ज्ञांची वेळ फेब्रुवारीच्या अखेरीस मिळाली. मधल्या काळात त्यांच्या कार्यालयाने जुने सगळे अहवाल आणि घोट्याचे नवे एक्स-रे घेऊन यायला सांगितले होते. एक्स-रे केंद्रात नेहमीप्रमाणे मला टेबलावर झोपवून फोटो काढले गेले आणि तज्ज्ञांनी ते पाहून परत पाठवले, कारण कमान किती उतरली आहे हे पायावर भार असतानाच कळते. दुसऱ्यांदा काढताना चिठ्ठीवर “दोन्ही पाय, उभे राहून, भार घेऊन” असे लिहून घेतले. हे शब्द पहिल्याच चिठ्ठीवर असावेत याकडे लक्ष दिले, तर एक खेप आणि एक खर्च दोन्ही वाचतात. सोबत सोनोग्राफी झाली. तिच्यात घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारा, कमान धरून ठेवणारा टिबिआलिस पोस्टिरिअर नावाचा टेंडन जाड झालेला आणि त्याच्या आवरणात पाणी साठलेले दिसले. बाहेरच्या बाजूचे लिगामेंट (दोन हाडांना जोडणारा पट्टा) भरून आले होते, पण सैल होते. मला घोट्याच्या एमआरआयची धास्ती होती. तज्ज्ञांनी तो आत्ता लागणार नाही असे स्पष्ट सांगितले. पाऊल हाताने सरळ करता येत होते, म्हणजे ते ताठ झालेले नव्हते. अशा सुरुवातीच्या टप्प्यात आधार, भार कमी करणे आणि व्यायाम हेच उपचार आहेत आणि शस्त्रक्रियेचा विचार ते पुरे पडले नाहीत तरच होतो, हे ऐकून मला खूप हायसे वाटले. स्टिरॉइडच्या इंजेक्शनबद्दल विचारले तेव्हा या टेंडनच्या आसपास ते देण्यात टेंडन तुटण्याचा धोका असतो, म्हणून ते टाळतात, असे उत्तर मिळाले.

कागदपत्रांत मार्च महिना गेला. शाळेत बसून शिकवण्याची सवलत आणि तळमजल्यावरचे वर्ग मिळावेत म्हणून वैद्यकीय प्रमाणपत्र दिले होते. त्यावर “उभे राहणे टाळावे” एवढेच लिहिलेले असल्यामुळे ते परत आले. किती वेळ, किती काळासाठी आणि नेमकी कोणती सोय हवी हे त्यातून कळत नव्हते, आणि तो आक्षेप रास्त होता. दुसऱ्या प्रमाणपत्रावर निदान, बाजू, सलग अर्ध्या तासाहून अधिक उभे न राहणे, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा जिना न चढणे, तीन महिन्यांची मुदत आणि फेरतपासणीचा महिना असे सगळे लिहून घेतले. ते त्याच आठवड्यात मंजूर झाले. प्रमाणपत्र लिहून घेताना आपल्या कामाच्या स्वरूपाची चार ओळींची टिपण सोबत न्यावी, डॉक्टरांना त्यावरून नेमके लिहिता येते.

इनसोलच्या बाबतीत मापावर बनवलेले घ्यायचे की तयार, हा प्रश्न होता. मापाचे इनसोल बरेच महाग असतात आणि विमा कंपनीने त्यांच्यासाठी पूर्वमंजुरी मागितली. अर्जासोबत निदानाचे पत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि दरपत्रक लागले. बिलावर नुसते “पादत्राणे” असे लिहिलेले असेल तर दावा फेटाळला जातो, म्हणून वस्तूचे वैद्यकीय नाव असावे अशी सूचनाही मिळाली. मंजुरी येईपर्यंत थेरपिस्टनी कमानीला आधार देणारे, टाचेला खोलगट बैठक असलेले तयार इनसोल वापरायला दिले. टाचदुखीच्या रुग्णांवर झालेल्या तुलनेत वर्षाअखेरीस तयार आणि मापाच्या इनसोलमध्ये फारसा फरक दिसलेला नाही, हेही त्यांनीच सांगितले. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडा वेळ वाढवत असे ते घातले. सुरुवातीला कमानीखाली बोचल्यासारखे वाटत असे. मे महिन्यात मंजुरीचे पत्र आले तेव्हा तयार इनसोलनी काम भागत होते, त्यामुळे तज्ज्ञांना विचारून मी मापाचे इनसोल घेतलेच नाहीत. ज्यांच्या पायाचा आकार अधिक बदललेला आहे त्यांना ते लागू शकतात, पण सुरुवात तयार इनसोलने करता येईल का, हे विचारायला हरकत नाही. निरोगी माणसांनी कंबरदुखी होऊ नये म्हणून इनसोल घालण्याचा उपयोग मात्र अभ्यासांत दिसलेला नाही.

व्यायाम मार्चमध्ये सुरू झाले आणि तेच या उपचारांचा गाभा होते. सुरुवात आखडलेल्या घोट्यापासून झाली. गुडघा वाकवून आणि गुडघा सरळ ठेवून अशा दोन्ही प्रकारे घोटा वाकवून पाहिला तर आखडलेपणा कुठे आहे ते कळते, कारण पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्याही वरून सुरू होतो आणि खालचा नाही. माझा घोटा दोन्ही वेळा सारखाच अडत होता, म्हणून केवळ पोटरी ताणून भागणार नव्हते; थेरपिस्ट हातांनी सांधा मोकळा करत आणि घरी मी गुडघा वाकवून भिंतीसमोरचाच व्यायाम करत असे. भिंतीजवळ फरशीवर चिकटपट्टीची खूण केली होती आणि दर रविवारी ती थोडी मागे सरकवता येते का ते पाहत असे. कित्येक रविवार ती जागची हलत नसे.

टेंडनसाठी दोन व्यायाम होते. पहिल्यात खुर्चीवर बसून रबरी पट्ट्याच्या विरोधात पाऊल आत ओढायचे. दुसऱ्यात दोन्ही टाचांमध्ये टेनिसचा चेंडू धरून, तो दाबत दोन्ही टाचा एकत्र उचलायच्या. चेंडू दाबल्यामुळे टाच आत वळते आणि नेमका हवा तो स्नायू कामाला लागतो. उचलायला तीन सेकंद, वर दोन सेकंद थांबायचे आणि तीन सेकंदांत खाली यायचे. हा व्यायाम रोज नव्हता, एक दिवसाआड होता, कारण टेंडनला भारानंतर सावरायला वेळ लागतो. व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखले तर चालेल, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीच्या पातळीवर उतरलेले असले पाहिजे; उतरले नसेल तर भार कमी करायचा, हा नियम मला सर्वांत उपयोगी वाटला. किती दुखले तर थांबायचे हे ठाऊक नसेल तर माणूस एकतर घाबरून काहीच करत नाही किंवा अति करतो.

एप्रिलमध्ये एका पायावर उभे राहून तोल सांभाळणे सुरू झाले. आधी ओट्याला हात टेकून, मग हात सोडून, मग दात घासताना, मग डोळे मिटून. सोबत खुब्याचे व्यायाम होतेच. पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरताना गुडघा अंगठ्याच्या आत झुकू न देणे हे मला सर्वांत अवघड गेले. आरशासमोर केल्याशिवाय तो केव्हा आत गेला हे कळत नसे.

सुधारणेचा क्रम मला अपेक्षित होता तसा नव्हता. पहिल्यांदा तोल सुधारला, तोही काही आठवड्यांतच. त्यानंतर, एप्रिल संपताना, दुपारनंतर कंबर भरून येणे कमी झाले. गुडघ्याची कळ जूनपर्यंत रेंगाळली. घोट्याची सूज तर जुलैतही पूर्ण उतरली नव्हती. मे महिन्यात शाळेच्या कार्यक्रमात दिवसभर उभे राहावे लागले आणि तिन्ही ठिकाणचे दुखणे एकदम उसळले. आता सगळे पहिल्यापासून करावे लागणार असे वाटून मी अक्षरशः रडले. थेरपिस्टनी टाच उचलण्याची चाचणी पुन्हा घेतली. ताकद कुठेही कमी झालेली नव्हती. आठवडाभर भार अर्धा केला आणि दुखणे पूर्वपातळीवर आले. दुखणे वाढले म्हणजे ऊती पुन्हा बिघडल्या असे प्रत्येक वेळी नसते, हे मोजून दाखवल्यामुळे पटले. म्हणून दुखण्यासोबत अंतर, ताकद अशा मोजता येणाऱ्या गोष्टींची वही ठेवावी.

बुटांविषयी थोडे. मी नवा जोड संध्याकाळी घेतला, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन्ही पायांचे माप उभे राहून घेतले आणि मोठ्या पायाचे माप धरले. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवली. बुटाचा मागचा भाग दाबल्यावर चेपू नये, तळ चवड्यापाशी वाकावा पण मधोमध पिळता येऊ नये, आणि आतली गादी काढून आपला इनसोल बसवता यावा, एवढे पाहिले. किमतीचा याच्याशी फारसा संबंध नाही.

सप्टेंबरच्या फेरतपासणीत भिंतीचे अंतर उजवीकडे नऊ सेंटिमीटर भरले. एका पायावर टाच उचलताना ती आता आत वळते, पण दमते डाव्याच्या आधी. पाठमोऱ्या फोटोत अजूनही उजव्या पायाचे एक बोट जास्त दिसते आणि कमान पूर्वीइतकी उंच झालेली नाही. ती तशी होईलच असे नाही आणि दुखणे थांबण्यासाठी तसे व्हायलाच हवे असेही नाही, असे तज्ज्ञांनी सांगितले. कंबर आता फक्त फार लांबलेल्या दिवशी जाणवते, खुब्याची बाजू कधीकधी, गुडघा नाही. शाळेतली सवलत मी ऑक्टोबरपासून सोडून दिली, त्यासाठी वेगळे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र लागले. फाइल बंद करताना मिळालेल्या कागदावर आठवड्यातून दोनदा टाच उचलण्याचा आणि तोलाचा व्यायाम चालू ठेवणे, दर महिन्याला भिंतीचे अंतर मोजणे, आणि टाच उचलता येईनाशी झाली, घोट्याच्या आतली सूज वाढली किंवा पावलाचा आकार पुन्हा बदलू लागला तर वेळ न घालवता परत येणे, एवढ्या सूचना आहेत. तो कागद मी व्यायामाच्या वहीला टाचून ठेवला आहे आणि पुढच्या मोजणीची तारीख त्यावर लिहिली आहे.